आमच्या मंडळाच्या माश्या

माश्या हाकलण्यात ज्या घरातल्या बायकांचा जन्म गेला, त्या घरात सून म्हणून येऊन मी माश्या घडवायला बसले, ही गोष्ट आमच्या सासूबाईंना अजून पचलेली नाही. सासूबाई म्हणजे बनुबाई. वस्तीत त्यांच्या शब्दाला मान आहे, आणि घरात तर दुसऱ्या कुणाचा शब्दच नाही. मी पाटाशी गळ आणि दोरा घेऊन बसलेली पाहून त्या म्हणाल्या, "आमी मारत आलो, तू घडव," आणि अडकित्ता शोधायला लागल्या. अडकित्ता माझ्याकडे होता. ते पुढे येईलच.

आवडी, माझी तान्ही पोर, आत्ता झोपली आहे. ती उठायच्या आत हे लिहून होईल असं वाटत नाही, कारण तिच्या झोपेचं एस.टी.सारखं आहे, लागली तर पोलादपूरपर्यंत लागते, नाहीतर स्टँडातच बंद पडते. म्हणून मुद्द्यावर येते. मुद्दा माशीचा नाहीच, खोलीचा आहे.

महाडात आमच्या वस्तीतल्या विहाराच्या मागे पत्र्याची एक खोली आहे. तिला एक खिडकी आहे आणि भिंतीवर कोणत्या तरी योजनेचं नाव अर्धवट पुसलेलं आहे. या खोलीचा सर्वांत मोठा गुण असा की तिथे चूल नाही. चूल नाही म्हणून चहा नाही, आणि चहा नाही म्हणून 'जरा चहा टाक' म्हणणारं कुणी तिकडे फिरकत नाही. दुपारची भांडी घासून झाली की आम्ही पाचसहा जणी पोरं काखेला मारून तिथे जायचो. वाशाला जुन्या साड्यांच्या झोळ्या बांधायच्या, पोरं त्यात घालायची, आणि भिंतीला पाठ लावायची. अख्ख्या दिवसात पाठीला भिंत लागते ती तेव्हाच. सरकारदरबारी याला महिला मंडळ म्हणतात. अध्यक्ष सुंदराबाई, कारण त्या सर्वांत मोठ्याने बोलतात. चिटणीस मी, कारण माझं अक्षर बरं आहे.

या खोलीवर तरुण मंडळाचा डोळा होता. तरुण मंडळाचे अध्यक्ष महिपतदादा. त्यांना जावई आलेला आहे, पण मंडळ तरुण आहे. मंडळाने वर्गणी काढून कॅरमचा बोर्ड आणला होता आणि समाजाची प्रगती आता केवळ जागेअभावी अडली होती. महिपतदादांनी कुठूनसा नियम उकरून काढला, की खोली महिलांना दिली आहे ती 'उत्पादक उद्योगासाठी'. उद्योग नसेल तर खोली परत. अर्ज गेला आणि तालुक्याचे विस्तार अधिकारी जीपमधून उतरले.

साहेब देशावरचे. कोकणात बदली झाल्याचं दुःख त्यांच्या चेहऱ्यावर कायम ओलं असायचं. सुंदराबाई पापडाबद्दल बोलायला लागल्या तशी त्यांनी हात वर केला. पापड वरच्या आळीच्या मंडळाने घेतला होता, लोणचं बाजारपेठेतल्या मंडळाने. तालुक्यात पापड लाटणाऱ्या इतक्या झाल्या होत्या की खाणारं कुणी उरलं नव्हतं. काहीतरी नवीन दाखवा, ते म्हणाले, पावसाळ्याच्या आत. नाहीतर खोली तरुण मंडळाला द्यावी लागेल. महिपतदादांनी मान हलवली, जणू या निर्णयाचं त्यांना फार वाईट वाटतंय. बोर्ड तेव्हाच विहाराच्या ओट्यावर आणून ठेवलेला होता.

अशा वेळी जानूभावजी आले. वीस मार्चला, चवदार तळ्याच्या दिवशी, महाडात येत नाही कोण? हे ह्यांचे धाकटे भाऊ, मुंबईला एका निर्यातीच्या कंपनीत शिपाई. कंपनी काय निर्यात करते हे त्यांना नेमकं ठाऊक नव्हतं, पण साहेबाच्या टेबलावरून त्यांनी पेपरमिंटच्या चपट्या डबीत नमुने आणले होते. डबी उघडली आणि सासूबाईंनी पदर झटकला. आत माश्या होत्या. रेशमाच्या, पिसांच्या, पोटावर सोनेरी रेघा ओढलेल्या, आणि प्रत्येकीच्या पोटातून गळाचं टोक बाहेर आलेलं.

"वैनी, एकदम फर्स्ट क्लास धंदा," भावजी म्हणाले. विलायतेत गळाला गांडूळ लावणं हलकं समजतात. तिथले मोठे लोक ही खोटी माशी पाण्यावर टाकतात, मासा फसतो, ते त्याला धरतात आणि परत पाण्यात सोडून देतात.

 आमचे हे हायस्कुलात कारकून आहेत, कोणतीही गोष्ट लेखी असल्याशिवाय मानत नाहीत. त्यांनी विचारलं, सोडतात म्हणजे नक्की काय करतात. भावजींनी पुन्हा सांगितलं. सासूबाईंनी तंबाखू मळायचं थांबवलं.

"धरून सोडतात? मग त्यांच्या घरात कामं नायत काय?"

याचं उत्तर विलायतेतसुद्धा कुणाकडे असेल असं मला वाटत नाही. पण कंपनीला बारीक बोटांच्या बायका हव्या होत्या आणि आम्हाला उद्योग हवा होता. मी डबी ठेवून घेतली.

एक माशी मी सुईने उसवून पाहिली. आत होतं काय, तर दोरा आणि चलाखी. गळ कशात तरी घट्ट धरायला हवा होता, म्हणून तो अडकित्त्याच्या तोंडात दिला आणि अडकित्त्याचे पाय सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने आवळून पाटाला बांधले. मेण लावलेला रेशमी दोरा गळाच्या डोळ्यापासून बाकापर्यंत फेऱ्याला फेरा लावून न्यायचा. तिथे पिसाचे चारदोन केस बांधले की शेपटी. सावरीची बोंडं तेव्हा फुटलेलीच होती. तो कापूस चिमटीत घेऊन दोऱ्यावर वळायचा आणि दोरा परत पुढे गुंडाळत आणायचा, ते झालं धड. धडावर जरीचे विरळ फेरे. ही जर माझ्या लग्नातल्या पांढऱ्या साडीच्या किनारीतून काढली. ट्रंकेत पडून ती तरी काय करत होती. शेवटी कोंबड्याच्या मानेचं लांबट पीस गळाभोवती उभं गुंडाळायचं, म्हणजे त्याचे केस चौफेर ताठ उभे राहतात आणि त्यांच्यावर माशी पाण्यावर तरंगते. पिसाचं टोक धरायला केसांची पिन. मग डोकं, फासगाठ, आणि गाठ सुटू नये म्हणून तिच्यावर नखांच्या रंगाचा ठिपका.

लिहायला हे सोपं आहे. माझी पहिली माशी पावसात भिजलेल्या सुंदराबाईंसारखी दिसत होती. हे मी त्यांना सांगितलं नाही, पण त्यांनी आपण होऊन ओळखलं. गळ आवडीच्या हाती लागू नयेत म्हणून ते उंच फळीवर ठेवले होते आणि सराव नुसत्या तारेवर चालला होता. तशी एक तारेवरची माशी रंग वाळायला गुळाच्या डब्यावर ठेवून मी आवडीला पाजायला बसले. सासूबाई आल्या. त्यांनी आधी पदराने हाकललं, मग पंख्याने, मग पंख्याच्या दांड्याने. माशी हलेना तेव्हा त्यांनी तिला कोडगी म्हटलं आणि डब्यासकट आपटली. माझ्या कलेला मिळालेलं ते पहिलं प्रमाणपत्र. दुसरं कधी मिळालं नाही.

तो काळ आमच्या वस्तीतल्या कोंबड्यांना वाईट गेला. पीस हवं ते जून कोंबड्याच्या मानेचं. कोवळ्याचं पीस पाणी पितं आणि माशी बुडते. वस्तीत कोंबडा जून होईपर्यंत त्याला जिवंत ठेवण्याची पद्धत नाही. एकटा होता तो सुंदराबाईंचा, जावयासाठी राखलेला. अध्यक्ष या नात्याने त्यांनी तो मंडळाला अर्पण केला. मारायचा नाही, नुसती मान उपसायची. रोज चार पिसं म्हणता म्हणता कोंबडा मानेपुरता बोडका झाला आणि लाजेने आरवायचा थांबला. मग जावई आला. त्याने अंगणात फिरणारा तो बोडका प्राणी पाहिला, याला रोग आहे म्हणाला आणि दोन्ही वेळा डाळ खाऊन गेला. सुंदराबाईंच्या मुलीने त्यानंतर आईला कितीतरी दिवस निरोप धाडला नाही. इतर घरांतून आम्ही जाताना दिसलो की कोंबड्यांवर टोपल्या पालथ्या पडायच्या.

सल्ल्यांची मात्र टंचाई नव्हती. ज्यांनी आयुष्यात सुईत दोरा ओवला नाही त्या पुरुषांनी मला दोरा कसा ओढावा ते सांगितलं. एकाचं म्हणणं, माशीला डोळे हवेत, मासा आधी डोळ्यांत बघतो. दुसऱ्याचं म्हणणं, तिला थोडं खरकटं चोळावं. ह्यांनी काही सल्ला दिला नाही. ह्यांनी अर्ज लिहून दिला. 'विषय : कृत्रिम माश्या तयार करण्याच्या उद्योगास मान्यता मिळणेबाबत.' सुंदर अर्ज होता. त्यानेच घात केला.

जिल्ह्याचं नाव त्या वर्षी कुलाब्याचं रायगड झालेलं होतं आणि अर्ध्या कचेऱ्यांतले शिक्के अजून कुलाब्यातच होते. आमचा अर्ज त्या धांदलीत फिरत राहिला. मासळीच्या खात्याने लिहिलं, की हा हस्तकलेचा विषय आहे. हस्तकलेच्या खात्याने लिहिलं, की कीटक शेतीखात्याकडे. शेतीखात्याने विचारलं, की सदर माश्यांमुळे आंब्याच्या मोहोराला उपद्रव होतो किंवा कसे. तिथून कागद आरोग्याकडे गेला, आणि आरोग्य खातं हे एकटंच खातं असं निघालं की ज्याने काही कृती केली. एका सकाळी पाठीवर पंप घेतलेली माणसं आली आणि माश्यांची पैदास होत असल्याच्या तक्रारीवरून त्यांनी आमच्या खोलीत औषध मारलं. भिंती, वासे, झोळ्या, सगळं पांढरं. दाराला खडूने तारीख घालून ते गेले. आम्ही पोरांना घेऊन बाहेर पिंपळाखाली उभ्या राहिलो, आणि महिपतदादा ओट्यावर कॅरम खेळत होते. त्यांनी आम्हाला सावलीत सरकून उभं राहायला सांगितलं. एवढं सौजन्य त्यांच्यात आहे, हे नोंदवायला हवं.

औषधाचा वास जातो न जातो तोच त्यांनी सभा बोलावली. सभेत ते उभे राहिले आणि दुःखी आवाजात म्हणाले, की विहाराच्या भिंतीला लागून प्राणिहत्येची हत्यारं बनतात, पंचशील कुठे राहिलं? पंचशील त्यांना त्या आठवड्यातच भेटलं असावं, कारण ते बोलत असताना त्यांच्याच घरातून बोंबील भाजल्याचा वास येत होता आणि सभा हळूहळू भुकेली होत चालली होती. मी उठून सांगितलं, की हत्या होत नाही, विलायतेत मासा धरून सोडतात. यावर जे हसू पिकलं त्यात पंचशील, बोंबील आणि मी, तिघंही बुडालो. एवढ्या लोकांत हसं झाल्यावर माणसाने घरी जावं. पण कडेवर झोपलेली आवडी होती आणि झोपलेल्या पोराला घेऊन रागाने चालता येत नाही, म्हणून मी उभीच राहिले. लोकांना ती हिंमत वाटली.

विस्तार अधिकारी शेवटी वैतागले. त्यांनी निकाल दिला, की प्रात्यक्षिक घ्या. नदीवर, त्यांच्या समक्ष, दोन्ही मंडळांच्या समक्ष. माशीला मासा लागला तर उद्योग खरा आणि खोली बायकांची. नाही लागला तर बोर्ड आत.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी साहेब आणि महिपतदादा जीपमधून निघाले. जीपमध्ये जागा नव्हती, म्हणजे दोन जागा साहेबांच्या पिशव्यांना लागत होत्या. आम्ही बायका पोरांसकट एस.टी.ने पोलादपूरच्या अलीकडे उतरलो आणि उन्हात नदीकाठी वाट बघत बसलो. साहेबांना आधी सवच्या गरम झऱ्यावर जाऊन गुडघे शेकायचे होते. शेकून आले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. मग बांबूच्या काठीला तंगूस, म्हणजे नायलॉनचा बारीक दोरा, बांधून, तंगुसाच्या टोकाला माझी सर्वांत देखणी माशी लावून, सुंदराबाईंनी ती पाण्यावर टाकली.

सावित्री नदी त्या दिवसांत घोट्याएवढी होती. माशी तरंगली, हे मी आधी सांगते, कारण नंतरच्या गोंधळात ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. ती फार छान तरंगली. मासे आले, त्यांनी तिला पाहिलं आणि आपापल्या कामाला गेले. पलीकडे एक म्हातारा गांडूळ लावून बसला होता, त्याने त्या वेळात अर्धी टोपली भरली. महिपतदादा दर थोड्या वेळाने सहानुभूतीने खोकत होते.  मला मात्र खोलीची ती खिडकी दिसत होती, त्या झोळ्या सोडून घडी घातलेल्या दिसत होत्या, आणि दुपारी भांडी घासून झाल्यावर आमच्याच घराच्या ओट्यावर बसलेली मी, आतून येणाऱ्या हाकेला 'आले' म्हणणारी.

साहेब कंटाळून नदीच्या वरच्या अंगाला फिरायला गेले आणि तिथून त्यांनी हात केला.

तिथे कोंड होता, नदीतला खोल डोह. काठावर देवीचं ठाणं, आणि पाण्यात हातहातभर लांबीचे मासे पाठी बाहेर काढून दाटीने फिरत होते, जसे आठवड्याच्या बाजारात लोक. जो येतो तो त्यांना चुरमुरे घालतो. त्यांना कुणी धरत नाही, दगड मारत नाही. मुळात ते मासे देवीचे. हे या खोऱ्यात शेंबड्या पोराला ठाऊक आहे. महिपतदादांनाही ठाऊक होतं, पण ते तेव्हा आकाशाकडे बघत होते. मी साहेबांना सांगितलं, की इथे धरत नाहीत. साहेब म्हणाले, धरायचं कुठे आहे, शासकीय प्रात्यक्षिक आहे. शिवाय नदी शासनाची आहे. आणि बायकांनी डोहापाशी जाऊ नये म्हणून त्यांनी काठी स्वतःच्या हातात घेतली.

माशी पाण्याला टेकायचाच अवकाश. त्या माशांनी जन्मात माणसाच्या हातून वाईट काही पाहिलेलं नव्हतं. त्यातला सर्वांत मोठा वर आला आणि त्याने ती विश्वासाने तोंडात घेतली.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी दिसलं. काठी वाकली. साहेब वाकले. शेवाळावरून त्यांचे बूट आधी गेले आणि त्यांच्यामागून साहेब, पाण्यात बसल्यासारखे, छातीपर्यंत. काठी त्यांनी सोडली नाही. सरकारी माणूस हातातलं सोडत नाही. मासा ओढत होता, साहेब ओढत होते, आणि ठाण्यामागून माणसं धावत येत होती.

पुढे होते सोनबा, ठाण्याची व्यवस्था बघणारे म्हातारे शेतकरी. साहेबांनी पाण्यात बसल्याबसल्या जाहीर केलं, की हा उपक्रम महिला मंडळाचा आहे. महिपतदादांनी जाहीर केलं, की तरुण मंडळाचा याच्याशी काहीही संबंध नाही. आणि ते बोलत होते जीपच्या आतून. सोनबांच्या मागचा एक जवान गडी आम्हा बायकांवर ओरडला, "लांब सरा पाण्यापासनं."

आमच्या महाडात हे शब्द पाण्याकाठी कुणी तोंडातून काढत नाही. आमच्या वस्तीतलं तान्हं पोरसुद्धा ते ऐकून जागं होतं. आवडी जागी झाली. माझं पाऊल मागे जायला हवं होतं, ते पुढे पडलं.

साहेब ओढतील तसा गळ आणखी रुतत होता आणि माशाचं तोंड फाटत होतं. मी पाहिलं, सुंदराबाईंच्या कडेवर दुसऱ्या एकीचं पोर, बाकीच्या दूर. जवळ रिकामे हात होते ते एकट्या सोनबांचेच. मी आवडी त्यांच्या हातात दिली. त्यांनी घेतली. नाही म्हणायला त्यांना वेळ मिळाला नाही, आणि एकदा घेतलेलं पोर खाली कुठे ठेवणार? सभोवार दगड होते.

मी लुगड्याचा काष्टा मारून पाण्यात उतरले, साहेबांच्या हातातून तंगूस हिसकून घेतलं आणि सैल सोडलं. मासा आपोआप जवळ आला. दमला होता. एक हात पोटाखाली घातला तेव्हा कळलं, आंघोळ घातलेलं पोर जसं हातात जड आणि निसरडं होतं, तसाच. गळ मीच बांधलेला, त्याचं टोक कुठे वळतं ते बोटांना ठाऊक होतं. मागे रेटला, फिरवला, निघाला. तरीही मासा गेला नाही. तोंड उघडमीट करत माझ्या हातावर तसाच थांबला. मी त्याला काहीतरी बोलले, आवडीला बोलते तसलंच, ते इथे लिहीत नाही. मग शेपटीचा एक फटका मारून तो खाली गेला आणि माझं तोंड भिजलं.

 आवडीने सोनबांची मिशी धरली होती आणि ते ती सोडवत नव्हते. तशा अवस्थेत त्यांनी मला विचारलं, "बाय, तू खरं सांग. ह्ये कुणी केलान?"

साहेब माझ्याकडे बघत होते. त्यांच्या बाह्यांतून पाणी गळत होतं आणि नजरेत आमची खोली होती. त्यांना सांभाळून घेतलं असतं तर खोलीचा कागद संध्याकाळपर्यंत झाला असता, हे मला दिसत होतं. पण मासा नुकताच हातातून गेलेला. मी म्हटलं, "माशी माझी. मी सांगितलं होतं इथे धरत नाहीत म्हणून. साहेबांनी ऐकलं नाही."

सोनबांनी मान हलवली. तिथली रीत अशी, की देवीच्या माशाला ज्याने त्रास दिला त्याने गावासमोर हाताने भात रांधून माशांना घालायचा, आणि यात्रेत त्याचं नाव पुकारलं जातं. साहेबांनी भात कबूल केला. नावाबद्दल ते फार अजीजीने बोलायला लागले. त्यांनी जन्मात भात रांधलेला नव्हता. तीन दगडांच्या चुलीपुढे ओल्या पँटीत बसून त्यांनी तो करपवला, आणि मासे तोही खायला आले. आवडीला परत देताना सोनबांनी तिच्या मुठीत चुरमुरे दिले आणि मला म्हणाले, "यत जा गो हिला घेऊन." ज्या गड्याने लांब सरायला सांगितलं होतं त्याने आमच्यासाठी एस.टी.ला हात केला.

परतीच्या गाडीत सुंदराबाई माझ्यावर खूप बोलल्या. खोट्या माश्या बांधायला जमतात, एक खोटा शब्द जमत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. खोली गेली, हे आम्ही दोघी धरून चाललो.

पण सरकार आमच्या कल्पनेपेक्षा खोल असतं. साहेबांनी अहवाल लिहायला घेतला असणार. मासा लागला म्हणावं, तर कुठला आणि कुणाच्या हातून, हे आलं. लागला नाही म्हणावं, तर सगळ्या खोऱ्याने पाहिलेलं. शेवटी त्यांनी लिहिलं, की अपरिहार्य कारणास्तव प्रात्यक्षिक होऊ शकलं नाही, ते यथावकाश घेण्यात यावं, तोवर खोलीबाबत जैसे थे. आणि देशावर बदली मागून घेतली. ती मिळाली. कोकणातला पहिला आनंद त्यांना कोकण सोडताना झाला. यथावकाश हा अवकाश किती मोठा असतो, ते ह्यांनी मला समजावून सांगितलं. ह्यांचा त्याबाबतीत अभ्यास आहे.

कंपनीचं म्हणाल तर तिने आमच्या माश्या परत पाठवल्या. भावजींनी निरोप आणला, की काम बरं आहे पण एक माशी दुसरीसारखी नाही; त्यांना हजारो हव्यात आणि सगळ्या हुबेहूब. मला याचा राग आला, अजून येतो. एका आईच्या पोटची दोन पोरं सारखी निघत नाहीत आणि यांना हजार माश्या सारख्या हव्यात. असले लोक धरलेला मासा सोडून देतात यात नवल नाही. त्यांना तो कालचाच वाटत असेल.

परवा नवे विस्तार अधिकारी आले. महिपतदादा त्यांना घेऊनच आले, मागे दोघांच्या डोक्यावर कॅरमचा बोर्ड. दुपारची वेळ. दार लोटून साहेब आत शिरले. झोळ्या ओळीने लटकत होत्या, पाय बाहेर आलेले, कुणाचा हात लोंबलेला. आम्ही भिंतीला पाठी लावून होतो. कुणी उठलं नाही. उठलं की झोळी हलते. सुंदराबाईंनी बोट ओठांवर ठेवलं.

साहेब दारात थांबले. खाली वाकून त्यांनी बूट काढले, हातात घेतले, चवड्यांवर एक चक्कर मारून भिंत, पत्रा आणि खिडकी पाहिली, आणि तसेच उलटे बाहेर गेले. बाहेर महिपतदादांनी नियम सांगायला सुरुवात केली. खिडकीतून आम्हाला साहेबांचा आवाज जेमतेम ऐकू आला.

"हळू बोला हो," ते म्हणाले, "मुलं झोपलीयत."